नकाशाआधीच ठरलेली घरे

कोलशेत रस्त्यावरच्या टॉवरांबद्दल ठाण्यात दोन मते कायम ऐकू येतात. बिल्डरांनी शहराची वाट लावली, हे पहिले. दुसरे जरा सुशिक्षित आहे आणि ते आर्किटेक्चरच्या महाविद्यालयांतून, रविवारच्या पुरवण्यांतून भेटते: चांगल्या वास्तुविशारदांना मोकळीक मिळाली असती तर ही घरे वेगळी झाली असती. दोघांचे गृहीतक मात्र एकच आहे. घर कसे होणार हे ते बांधणाऱ्याच्या हेतूवर आणि आखणाऱ्याच्या अभिरुचीवर ठरते, असे दोघेही धरून चालतात. म्हणून एका बाजूला खलनायक उभा करायचा, दुसऱ्या बाजूला हात बांधलेला कलावंत, की चर्चा संपली.

मला हे दोन्ही उथळ वाटते. कोलशेतमध्ये काय उभे राहणार हे तीन गोष्टींनी ठरलेले असते: जमीन कोणत्या भावाने आणि केवढ्या तुकड्यात घेतली, चटई क्षेत्राचे नियम काय सांगतात, आणि पैसा कुठून, कोणत्या अटीवर येतो. आर्किटेक्ट पहिली रेघ ओढतो तेव्हा हे तिन्ही निर्णय होऊन गेलेले असतात. म्हणून गृहनिर्माणातल्या वास्तुविशारदाची कारकीर्द जोखायची तर त्याच्या इमारतींचे फोटो पाहून भागणार नाही. या तीन निर्णयांपैकी एखादा तरी त्याच्या हाती होता का, हे पाहावे लागेल. ज्यांच्या हाती होता त्यांनी वेगळी घरे बांधली. मुंबईजवळ बेलापूरला आणि दूर मेक्सिको सिटीतही. आपल्याकडे असे हात दुर्मीळ का झाले, हा खरा प्रश्न आहे.

१. जमीन: कारखाना गेला, भाव उरला

कोलशेत हे खाडीकाठचे आगरी-कोळ्यांचे गाव. रेतीबंदर, हवाई दलाचे ठाणे आणि रासायनिक कारखाने ही त्याची ठाणेकरांना असलेली जुनी ओळख. सँडोझ, पुढे क्लॅरियंट, बायर अशा कंपन्यांच्या भिंती या रस्त्याला लागून होत्या. त्या भिंतींमागच्या जमिनी २०१० नंतरच्या काही वर्षांत घरबांधणीकडे गेल्या. बायरची शंभराहून अधिक एकर जमीन कल्पतरू समूहाकडे गेली. क्लॅरियंटने २०१४ मध्ये सुमारे ८७ एकर जमीन लोढा समूहाच्या कंपनीला सुमारे १,१५४ कोटी रुपयांना विकण्याचा करार केला.

या दुसऱ्या आकड्याला भागाकार लावून पाहा. ८७ एकर म्हणजे जवळजवळ ३८ लाख चौरस फूट. कच्च्या जमिनीचा भाव चौरस फुटाला तीन हजारांच्या आसपास पडला. त्यातून रस्ते, बागा, सुविधा भूखंड वजा होणार. परवानगीची शुल्के, प्रीमियम आणि बांधकाम सुरू होईपर्यंतचे व्याज वर चढणार. विटेवर वीट चढण्याआधीच या जमिनीवर कोणती घरे परवडणार नाहीत ते नक्की झाले. तिथे चार मजली चाळवजा सोसायटी बांधणारा विकसक वेड्यात निघाला असता. त्याच्या चांगुलपणाचा इथे संबंधच येत नाही.

भावाइतकाच महत्त्वाचा, पण ज्याबद्दल कुणी बोलत नाही असा मुद्दा तुकड्याचा. ८७ एकर एकाच खरेदीदाराला एकाच व्यवहारात गेले. इतकी रक्कम उभी करू शकणाऱ्या कंपन्या मुंबई परिसरात बोटांवर मोजण्याइतक्या. म्हणजे हजारो कुटुंबांचा निवारा कोण बांधणार ही निवड व्यवहाराच्या रकमेनेच करून टाकली. नौपाड्यात किंवा डोंबिवलीत साठ-सत्तरच्या दशकांत वस्ती वाढली तेव्हा पाचशे-सातशे चौरस मीटरचे भूखंड होते. दहा कुटुंबे एकत्र येत, सोसायटी नोंदवत, ओळखीचा आर्किटेक्ट गाठत. त्या इमारती देखण्या होत्या असे मी म्हणणार नाही. पण त्यांच्या रस्त्यांवर कुणाचे फाटक नव्हते.

२. नियम: दर्शनी भाग कोण घडवतो

इमारतीचे बाह्यरूप आर्किटेक्टच्या कल्पनेतून येते, असा सामान्य समज. मुंबई परिसरातल्या इमारती नीट पाहिल्या की तो टिकत नाही. २०१२ पूर्वीच्या मुंबईतल्या टॉवरांना खिडक्यांखाली फ्लॉवर बेड आहेत, कोनाडे आहेत, बाहेर झेपावलेल्या पट्ट्या आहेत. हा शैलीचा बहर नव्हता. हे भाग चटई क्षेत्रात मोजले जात नसत आणि विकताना मात्र घरात धरले जात. ६ जानेवारी २०१२ रोजी मुंबईचे नियम बदलले, हे सारे मोजणीत आले आणि त्या बदल्यात पैसे भरून ३५ टक्के ‘फंजिबल’ क्षेत्र मिळू लागले. फ्लॉवर बेड नाहीसे झाले. मुंबईच्या आर्किटेक्टांची अभिरुची एका तारखेला पालटली असे कुणी म्हणेल काय?

ठाण्याला आता डिसेंबर २०२० ची एकत्रित विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिची रचना थरांची आहे. तळाशी मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, त्यावर पैसे भरून प्रीमियमचा निर्देशांक, त्यावर टीडीआर म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, आणि या बेरजेवर निवासी इमारतीत पुन्हा ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र, तेही प्रीमियम भरून. समोरचा रस्ता जितका रुंद, तितकी मर्यादा वर. यातला प्रत्येक थर शासनाच्या किंवा पालिकेच्या तिजोरीत भर घालतो. निर्देशांक ही नियोजनाची मोजपट्टी होती. आज ती पालिकेची मिळकत आहे. ज्या पालिकेचे उत्पन्न उंचीवर अवलंबून आहे ती उंचीवर अंकुश ठेवेल, ही अपेक्षाच भाबडी.

कोलशेतचे मोठे उद्यान याचेच अपत्य आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘नमो द सेंट्रल पार्क’ या नावाने खुले झालेले हे साडेवीस एकरांचे उद्यान महापालिकेने विकसकाकडून करून घेतले. उद्यान सुरेख आहे, हे आधी सांगतो. सुटीच्या दिवशी तिथे कळवा-मुंब्र्यापासूनची कुटुंबे येतात. पण आत जायला तिकीट आहे. आणि उद्यान, रस्ता, शाळेची जागा यांसारख्या सार्वजनिक गोष्टी वाढीव बांधकामाच्या मोबदल्यात मिळवायच्या अशी ही सगळी पद्धत आहे. ती एकदा रुळली की शहराला बाग हवी असेल तेव्हा आधी टॉवर हवा असतो.

३. पैसा: दोन आर्किटेक्ट आणि एक सही

व्यवसायाच्या आत काय घडते ते बाहेरच्यांना ठाऊक नसते. मोठ्या प्रकल्पात बहुधा दोन आर्किटेक्ट असतात. एक ‘डिझाइन’चा, मुंबईचा किंवा सिंगापूरचा, ज्याचे नाव माहितीपत्रकावर झळकते. दुसरा ‘लायझनिंग’चा, स्थानिक, ज्याच्या सहीने नकाशे पालिकेत जातात आणि बांधकाम सुरू करण्याच्या परवानगीपासून (सीसी) इमारत वापरण्याच्या परवानगीपर्यंत (ओसी) सगळे दाखले येतात. पहिला लॉबी, क्लब हाऊस आणि दर्शनी भाग सजवतो. दुसरा क्षेत्रफळाचा तक्ता जुळवतो. घराचे पोट, म्हणजे खोल्यांची मापे, एका मजल्यावर किती दारे, जिना-लिफ्टचा गाभा कुठे, हे विक्री विभागाच्या कागदावर ठरलेले असते. कोणत्या आकाराचे घर किती दिवसांत विकले जाईल याचा अंदाज सावकाराला दाखवल्याशिवाय कर्ज उभे राहत नाही.

रेरा कायद्याने यात एक चमत्कारिक भर घातली. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि काम झाले तितकेच काढायचे. त्यासाठी अभियंता, सनदी लेखापाल आणि वास्तुविशारद अशा तिघांचे दाखले लागतात. महारेराच्या नमुना १ वर वास्तुविशारद सही करतो की इतके टक्के काम झाले. ती सही ग्राहकाच्या रक्षणासाठी आहे आणि तिचे शुल्क देतो विकसक. पुढे आक्षेपांचा विचार करताना हे लक्षात ठेवावे लागेल.

४. पवईने काय शिकवले

‘मोठा आर्किटेक्ट आणि मोठा विकसक एकत्र आले की शहर घडते’ या मताचा सर्वात ठळक पुरावा म्हणून पवईचे नाव घेतले जाते. हाफीज कॉन्ट्रॅक्टर यांनी हिरानंदानी समूहासाठी तिथे जे उभे केले त्याच्या प्रतिमा ठाण्यात घोडबंदर रस्त्यालाही पोचल्या. कॉन्ट्रॅक्टर यांची कारकीर्द विलक्षण आहे. १९८२ मध्ये स्वतःचे कार्यालय, देशातल्या बहुतेक बड्या विकसकांची कामे, २०१६ मध्ये पद्मभूषण. विकसकाला काय हवे हे त्यांच्याइतके अचूक कुणी ओळखले नसेल, आणि त्यांनी ते कधी लपवलेही नाही. आपल्या व्यवसायातल्या अनेकांपेक्षा हा प्रामाणिकपणा मोठा.

पण पवईची मूळ अट वेगळीच होती. १९८६ च्या त्रिपक्षीय करारानुसार सुमारे २३० एकर जमीन दर हेक्टरी एक रुपया भाड्याने दिली गेली, ती ४० आणि ८० चौरस मीटरच्या घरांसाठी. फेब्रुवारी २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने करारातल्या या अटी पाळल्या गेल्या नसल्याचे म्हणत आधी ती छोटी घरे बांधण्याचा आदेश दिला. म्हणजे पवईत जमीन जवळजवळ फुकट होती. भाव नसतानाही छोटी घरे झाली नाहीत, कारण अट पाळली जाते की नाही हे पाहणारे कुणी जागेवर नव्हते. करार शासनाच्या कपाटात होता आणि नकाशा विकसकाच्या टेबलावर. स्वस्त जमिनीने आपोआप स्वस्त घर होत नाही, हे माझ्या युक्तिवादाला पवईने घातलेले कुंपण आहे आणि मी ते मानतो. निर्णय ज्याच्या हाती, त्याने शेवटपर्यंत जागेवर असावे लागते.

५. बेलापूर: निर्णय हाती आल्यावर

१९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंता शिरीष पटेल या तिघांनी मुंबईसमोरच्या किनाऱ्यावर नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि कोरिया १९७४ पर्यंत तिचे प्रमुख वास्तुविशारद होते. इथे वास्तुविशारदाच्या कामाचे टोकच बदलले. प्रश्न इमारतीचा नव्हता. जमीन कुणाच्या मालकीची असावी, वाहतूक कशी आखावी, कुणाला किती भूखंड द्यावा, हे त्याच्या पुढ्यात आले.

त्याचे फळ बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये दिसते. हे काम १९८३ ते १९८६ मधले, सिडकोसाठीच. सुमारे सहा हेक्टरांवर साडेपाचशे कुटुंबे. सात घरांमध्ये आठ मीटर लांब-रुंद अंगण, असे तीन गट मिळून एकवीस घरांना त्याहून मोठे अंगण, आणि पुढे अशीच चढती रचना. भूखंड साधारण ४५ ते ७५ चौरस मीटर, म्हणजे गरीब आणि मध्यमवर्गीय यांच्या जमिनीत फार अंतर नाही. सर्वात मोठी गोष्ट अशी की शेजाऱ्यांत सामाईक भिंत नाही. कुणालाही पुढे खोली वाढवायची तर शेजाऱ्याची परवानगी लागू नये म्हणून. हे कागदावर सुचणारे सौंदर्य नाही. भूखंडाचा आकार ठरवण्याचा अधिकार ज्याला आहे त्यालाच ते सुचू शकते, आणि सुचले तर अमलात आणता येते.

पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी यांचे इंदूरचे ‘अरण्य’ हेही याच जातीचे. सार्वजनिक संस्थेच्या जमिनीवर सुमारे साडेसहा हजार भूखंडांची वसाहत, आणि पायाच्या चौथऱ्यापासून घर हळूहळू वाढवण्याची मुभा. दोन्हीकडे जमीन बाजारातून आलेली नव्हती.

६. मेक्सिको: निर्णय विकत घेतल्यावर

सार्वजनिक संस्थेच्या बाहेर राहूनही हे साधते का? इथे मेक्सिको सिटीतल्या हाविएर सांचेझ यांची कारकीर्द उपयोगी पडते. त्यांनी १९९६ मध्ये कार्यालय काढले आणि लवकरच ओळखले की दुसऱ्याच्या जमिनीवर सल्लागार राहून घर बदलता येत नाही. त्यांनी स्वतःच विकसकाची जबाबदारी घेतली: भूखंड शोधणे, पैसे जमवणे, आखणे, बांधणे, विकणे. जागा निवडली कोंदेसा भागात. १९८५ च्या भूकंपानंतर कोंदेसा आणि शेजारच्या रोमा भागातून लोक निघून गेले होते, जमीन स्वस्त होती, भूखंड लहान होते. दोन जुन्या इमारतींच्या फटीत बसणाऱ्या, तळमजल्यावर रस्त्याशी बोलणाऱ्या, मधोमध चौक असलेल्या कमी उंचीच्या इमारती त्यांनी केल्या. जुन्या शहराच्या गाभ्यातली एक पडकी वास्तू राहण्याजोगी करणारा त्यांचा ‘ब्राझिल ४४’ हा प्रकल्प २००६ मध्ये व्हेनिसच्या वास्तुकला द्वैवार्षिकीत गौरवला गेला.

ही गोष्ट इथेच थांबवली तर ती कर्तबगार माणसाची यशोगाथा ठरेल, आणि मी ज्याला उथळ म्हणतो तेच मत सिद्ध होईल. म्हणून पुढचा भाग. डिसेंबर २००० मध्ये मेक्सिको सिटीचे तेव्हाचे प्रमुख लोपेझ ओब्राडोर यांनी ‘बांदो दोस’ नावाचा फतवा काढला. शहराच्या कडेला मोठ्या गृहप्रकल्पांना बंदी, मधल्या चार विभागांत प्रोत्साहन. लहान भूखंडांवर बांधणाऱ्या आर्किटेक्ट-विकसकांच्या पिढीला वारा मिळाला तो इथून. याच नियमाने मध्यभागातल्या जमिनीचे भाव भडकले आणि स्वस्त घराच्या शोधातली माणसे शहराची हद्द ओलांडून शेजारच्या राज्यात गेली. तिथे त्यांची वाट पाहत होत्या इन्फोनाविट या कामगार गृहनिधीच्या कर्जावर पोसलेल्या कंपन्या. त्यांनी ओसाड माळांवर एकसारख्या चिमुकल्या घरांच्या हजारोंच्या रांगा घातल्या. रोजगार दूर, पाणी अपुरे, प्रवास तासन्तास. २०१० च्या जनगणनेत मेक्सिकोत सुमारे ५० लाख घरे रिकामी आढळली, दर सातातले एक. २०१३ मध्ये जिओ, होमेक्स आणि उर्बी या तीन बड्या कंपन्या कर्जफेडीत कोसळल्या.

एकाच देशात, एकाच दशकात, एका नियमाने कोंदेसा घडवले आणि एका कर्जयोजनेने ओसाड वसाहती. आर्किटेक्ट दोन्हीकडे होते. आपल्याकडे विरार-बोळींजमधली म्हाडाची हजारो घरे वर्षानुवर्षे ग्राहकाविना पडून होती, त्याची मीमांसा करताना मेक्सिकोकडे कुणी पाहिल्याचे मला दिसले नाही. तिथे पाणी आणि दळणवळण आधी असायला हवे होते, घर नंतर.

७. चार आक्षेप

*पहिला: आर्किटेक्टच विकसक झाला तर ग्राहकाचा वाली कोण?* हा आक्षेप जुना आणि भारदस्त आहे. अमेरिकेत अटलांटाच्या जॉन पोर्टमन यांनी आर्किटेक्ट असतानाच विकसक होण्याचा मार्ग धरला तेव्हा व्यवसायात मोठा गदारोळ झाला होता. ज्याने दर्जावर लक्ष ठेवायचे त्याच्याच खिशात नफा कसा? तत्त्व बरोबर आहे. पण ते पाळायचे तर आजच्या व्यवस्थेपासून सुरुवात करावी लागेल, कारण नमुना १ वर सही करणाऱ्याचे पोट विकसकावरच आहे. आज हितसंबंधांचा संघर्ष आहे आणि जबाबदारी नाही. आर्किटेक्ट-विकसकाकडे संघर्ष असेल, पण गळक्या भिंतीसाठी ग्राहक त्याच्याच दारात उभा राहील. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींनी पालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेराची नोंदणी मिळवल्याचे प्रकरण उघडकीस आणले ते डोंबिवलीतल्याच एका वास्तुविशारदाने, न्यायालयात जाऊन. त्याला ते जमले कारण त्या इमारतींशी त्याचा व्यवहार नव्हता. मला यातून दिसते ते असे की दाखला देणारा आणि बांधणारा वेगळे हवेत, आणि दाखला देणाऱ्याचे शुल्क महारेराच्या यादीतून, महारेरामार्फत जावे. मग बांधणारा आर्किटेक्ट असला काय किंवा व्यापारी असला काय, फरक पडत नाही.

*दुसरा: टॉवरशिवाय इतकी माणसे मावणार कुठे?* हा सर्वात लोकप्रिय आणि सर्वात कमी तपासलेला आक्षेप. निर्देशांक म्हणजे माणसांची संख्या नव्हे, हे शिरीष पटेल वर्षानुवर्षे सांगत राहिले. साधा हिशेब करू. एक हेक्टर निव्वळ भूखंड, निर्देशांक ३, दर घरामागे १०० चौरस मीटर बांधकाम: तीनशे कुटुंबे. तोच भूखंड, निर्देशांक दीड, दर घरामागे ४५ चौरस मीटर: तीनशे तेहतीस कुटुंबे, तीही चार-पाच मजल्यांत. बांधकाम निम्मे झाले आणि माणसे वाढली. कुणी म्हणेल, सगळ्यांनी ४५ मीटरांत का राहावे? राहू नये. पण मग ‘जागा कमी म्हणून टॉवर’ हे कारण सांगणे बंद करू या. ‘मोठी घरे विकायची म्हणून टॉवर’ हे खरे कारण सांगू. शिवाय उंचीचा खर्च रहिवाशाच्या दरमहा बिलात असतो. जलद लिफ्ट, अग्निशमन यंत्रणा, पोडियम, यांत्रिक पार्किंग यांचा देखभाल खर्च छोट्या पगाराला झेपत नाही. गरिबाला टॉवरमध्ये घर दिले तरी तो तिथे टिकत नाही, याचे कारण बहुधा हे बिल असते.

बेलापूरची घनता कोलशेतच्या टॉवरइतकी नाही, हे मान्य. रेल्वे आणि मेट्रोच्या स्थानकालगत उंच बांधावे हेही मान्य. ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झालेली २९ किलोमीटरची ठाणे वर्तुळाकार मेट्रो कोलशेतमधूनच जाणार आहे. पण टॉवर आधी आले, मेट्रो अजून यायची आहे, आणि मधल्या काळात सारा भार ढोकाळी-बाळकुमच्या नाक्यांवर आहे.

*तिसरा: लोकांनाच हे हवे आहे, नाही तर ते विकले कसे जाते?* विकले जाते, कारण त्या टप्प्यात दुसरे काही विक्रीला नाही. फाटकाच्या आत घर हवे की रस्त्यावर उघडणाऱ्या लहान इमारतीत, ही निवड ग्राहकापुढे कुणी ठेवलेलीच नाही. क्लब हाऊस नको, त्याचे पैसे कमी करा, असे सॅम्पल फ्लॅटमध्ये सांगून पाहावे.

*चौथा: बेलापूर आणि कोंदेसा दोन्हीही शेवटी पैसेवाल्यांचेच झाले.* या आक्षेपापुढे मी अर्धा नमतो. बेलापुरात कोरियांची अनेक छोटी घरे पाडून तिथे बंगले झाले, आणि कोंदेसात आज मध्यमवर्गीयालाही भाडे परवडत नाही. चांगले घर बांधून झाले की ते महाग होते, आणि कोणताही आर्किटेक्ट ते रोखू शकत नाही. रोखू शकते ती जमिनीची मालकी: भाडेपट्टा, सहकारी मालकी, पुनर्विक्रीवरच्या अटी. म्हणजे पुन्हा पहिल्याच मुद्द्यावर आलो. फरक इतकाच की बेलापूरच्या घराला बदलायला एक पिढी लागली, त्या काळात साडेपाचशे कुटुंबांनी आपापल्या ऐपतीने घर वाढवले. कोलशेतच्या एकतिसाव्या मजल्यावर खोली वाढवता येत नाही.

८. आपल्याकडची फट

महाराष्ट्रात आर्किटेक्टला निर्णयाच्या जागी बसवणारी एक वाट आजही उघडी आहे, ती स्वयंपुनर्विकासाची. सोसायटी स्वतःच विकसक होते, आर्किटेक्ट नेमते, कर्ज उभे करते आणि नफा सभासदांत राहतो. म्हाडाचे माजी अध्यक्ष, वास्तुविशारद चंद्रशेखर प्रभू यांनी या कल्पनेसाठी अनेक वर्षे सभा घेत सोसायट्यांना समजावले. सप्टेंबर २०१९ मध्ये शासन निर्णय झाला आणि मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने कर्जे दिली. पण ही वाट ज्यांची जुनी इमारत आहे त्यांच्यासाठी. कोलशेतमध्ये जुन्या सोसायट्या फार नाहीत. तिथे आहे कारखान्याची जमीन आणि शेजारचे गावठाण. तिथली भूमिपुत्र घराणी पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच स्वतःचे विकसक आहेत. त्यांच्या घरांचे सीमांकन करून त्यांना वाढीचे सोपे नियम द्यावेत, ही मागणी जुनीच आहे.

दुसरी फट आहे २० टक्क्यांची. २०१३ पासून दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत ४,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्रकल्पात २० टक्के घरे अल्प आणि अत्यल्प उत्पन्न गटासाठी राखायची आहेत, म्हाडाच्या कोकण मंडळाच्या सोडतीत ती येतात. नियम चांगला. पण नाशिकमध्ये भूखंडांचे तुकडे पाडून तो चुकवल्याचे आरोप २०२२ मध्ये विधिमंडळात गाजले. पवईचा धडा इथेही तोच: अट लिहिणे सोपे, जागेवर उभे राहून ती पाळून घेणे अवघड.

मला स्वतःला तीन बदल तातडीचे वाटतात. पहिला, कारखान्याची मोठी जमीन निवासी होताना तिच्यातून ठरावीक अंतराने महापालिकेचे, फाटक नसलेले रस्ते आधी काढावेत, आणि त्यांच्या कडेचा काही भाग लहान भूखंडांत विभागून सहकारी सोसायट्यांसाठी राखावा. दुसरा, २० टक्क्यांची घरे त्याच लेआउटमध्ये, वेगळ्या कमी उंचीच्या इमारतीत असावीत, म्हणजे देखभाल खर्च रहिवाशांना झेपेल. तिसरा, दाखला देणाऱ्या आर्किटेक्टचे शुल्क विकसकाने थेट देऊ नये. यात एकाही आर्किटेक्टच्या प्रतिभेची परीक्षा नाही. पण प्रतिभा असलेल्याला काम करायला जागा मिळेल ती यातूनच.

कोलशेत बहुतांशी ठरून गेले आहे. मोहोने-आंबिवलीतला एनआरसीचा कारखाना मात्र २००९ पासून बंद आहे आणि त्याची शेकडो एकर जमीन आता अदानी समूहाकडे आहे. वागळे इस्टेटमधले कारखानेही एकेक करून निघत आहेत. अशा जमिनींच्या वापरात बदलाच्या, आराखड्यातल्या फेरफाराच्या नोटिसा वर्तमानपत्रांत बारीक अक्षरांत छापल्या जातात, आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली त्यांवर हरकती-सूचना देता येतात. ठाणे-कल्याणमधल्या वास्तुविशारदांनी टॉवर कुरूप आहेत म्हणून लेख लिहिण्याऐवजी त्या मुदतीत, रस्त्यांच्या आणि भूखंडांच्या आखणीचे पर्यायी नकाशे जोडून, सहीनिशी हरकती दाखल कराव्यात.